वहिनीचं तंगेडू

तरवड कुणी लावत नाही, तो आपला येतो. बांधावर, माळावर, गाडीवाटेच्या कडेला, बुजलेल्या विहिरीच्या तोंडाशी, जिथं दुसरं काही यायला तयार नसतं तिथं तो माणसाच्या छातीएवढा वाढतो आणि पावसाळा सरता सरता अंगभर पिवळा होतो. आमचं गाव उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, तिन्ही बाजूंनी माळ. त्यामुळं तरवडाकडं आम्ही फुलझाड म्हणून कधी बघितलंच नाही. तो घरातल्या सामानासारखा होता. माळवदावर लाकडं टाकली की त्यांच्यावर तरवडाच्या फांद्यांचा थर द्यायचा आणि मग पांढरी माती चोपायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी त्याचीच काडी चावत ओसरीवर बसायचे. उन्हाचं शेतात जाणारी माणसं पागोट्यात त्याचा पाला घालायची, डोकं थंड राहतं म्हणून. कातडं कमावणारे त्याची साल सोलून न्यायचे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो राहिला. आणि नवरात्रात माझी माय घटावर रोज एक माळ सोडायची ती तरवडाच्याच फुलांची. सुई-दोरा घेऊन ती न्हाऊन बसायची आणि आम्ही पोरी परकराच्या ओच्यात फुलं वेचून आणायचो. पाच पातळ पाकळ्या, आत बाकदार लांब केसर, वास जवळजवळ नाहीच. हातांना मात्र हिरवट, कडसर काहीतरी लागायचं आणि ते भाकरी खाताना जाणवायचं.

आता नांदेडला माझ्या घरासमोरच्या कुंपणाला रोपवाटिकेतून आणलेली पिवळ्या घंट्यांची झाडं आहेत. चांगली दिसतात. शेजारच्या बाई त्यांना रोज पाइपानं पाणी घालतात आणि मी गॅलरीतून बघत असते. पाणी न मागणाऱ्या झाडांमध्ये वाढलेल्या माणसाला त्या पाइपाचं जरा नवल वाटतं, एवढंच.

आमचं घर माणसांनी लहान होतं. अण्णा, माय, माझ्याहून पुष्कळ मोठा दादा आणि मी. माय बोलायची कमी. तिच्या हातांचे आवाज मात्र सगळ्या घराला ओळखीचे होते. पहाटे जात्याची घरघर, मग शेणाच्या सड्याचा सपसप आवाज, मग काठवटीत भाकरी थापल्याची थापथाप. तो आवाज थांबला की अण्णा काडी फेकून चूळ भरायचे, कारण तव्यावरची पहिली भाकरी त्यांची. सोबत येसरची आमटी, नाहीतर उडदाचं घुटं, नाहीतर नुसता ठेचा. या आवाजांच्या घरात दादाची बायको आली ती एक वेगळीच भाषा घेऊन.

वहिनी मदनूरच्या पलीकडची, तेलुगू मुलखातली. अण्णांची आणि तिच्या वडिलांची ओळख देगलूरच्या बैलबाजारातली. दोघंही निजामाच्या अमलात उर्दू शाळेत बसलेले. एकाला तेलुगू येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, पण दखनीत दोघांचं असं जमलं की बैलाचा सौदा फिसकटला आणि सोयरीक जुळली. जात एक, देव एक, मग भाषेचं काय एवढं, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. भाषेचं काय असतं ते कळायचं ते वहिनीलाच कळलं. नाव सुगुणा. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत, डाव्या गालावर तीळ. मराठी म्हणून तिला ये, जा, पाणी, नको एवढंच येत होतं. माय तिच्याशी बोलताना आवाज चढवायची, जणू पोरीला ऐकूच येत नाही. वहिनी मायला अत्तम्मा म्हणायची, ते मायला लगेच कळलं, कारण आमच्याकडंही सासूला आत्याबाईच म्हणतात. मला ती पिल्ला म्हणायची. मला वाटलं कोंबडीचं पिल्लू म्हणते, आणि मी दोन दिवस रुसून बसले. मग अण्णांनी सांगितलं, त्यांच्यात पोरीला पिल्ला म्हणतात. आज माझी पन्नाशी उलटली आहे. लातूरहून तिचा फोन येतो तेव्हा अजून पहिला शब्द तोच असतो.

तरवडावरून आमचं पहिलं भांडण झालं. ती येऊन थोडेच दिवस झाले होते. आम्ही दोघी धुणं घेऊन तलावावर चाललो होतो. वाटेत माळाचा चढ लागतो, तिथं तरवड नुसता पेटल्यासारखा फुललेला. वहिनीनं धुण्याचं गाठोडं खाली टाकलं, पळत गेली आणि एक फांदी वाकवून गालाला लावली. “तंगेडू,” ती म्हणाली. मी म्हटलं, तरवड. ती म्हणाली, तंगेडू. मी पुन्हा तरवड, ती पुन्हा तंगेडू, आणि असं करत आम्ही दोघी तलावापर्यंत गेलो. परत येताना तिनं खुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी सांगितलं की तिच्या गावाला कालव्याचं पाणी आहे, नजर जाईल तिथवर भात आहे, आणि म्हणून तंगेडू तिथं दुर्मीळ आहे. तिच्या सणाला गावातली माणसं लांबच्या कोरड्या टेकड्यांवर जाऊन ती फुलं भारे बांधून आणतात. इथं तर ती दारातच. हे कुणी लावलं, असं तिनं विचारलं. कुणी न्हाई, मी सांगितलं. त्यावर ती इतका वेळ हसली की मलाही हसू यायला लागलं.

तो सण म्हणजे बतुकम्मा. आपल्या घटांच्याच दिवसांत तो येतो. लेकी माहेरी जातात, फुलांचे थर रचून देवळाच्या शिखरासारखी देवी करतात, तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी तिला पाण्यात सोडतात. पहिल्या वर्षी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. परत आली तेव्हा तिची मराठी बरीच सुटी झाली होती, आणि माहेरी जाऊन ती कशी सुटली हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तिथल्या मैत्रिणींना ती आमच्याबद्दल सांगत राहिली असणार. आल्यावर तिनं ज्वारीच्या रिकाम्या कणसांची चळत रचून मला सगळं करून दाखवलं. बतुकू म्हणजे जगणं, ती म्हणाली. बतुकम्मा म्हणजे, “जग, माय.” माय चुलीपुढं बसून ऐकत होती. 

पुढच्या वर्षी पाऊस अर्ध्यात गेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच सुमाराला आमचा जिल्हा बदलला होता. आधी काही काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूरच जिल्हा झालं. चावडीवर पाटी नवी आली, तलाठ्याच्या कागदांवर शिक्का नवा आला, लोक खूश होते. अण्णा म्हणायचे, जिल्हा बदलला, ढग तेच. पण नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना भिंती लागतात, आणि भिंतींना माणसं लागतात. शेतात काही उरलं नव्हतं म्हणून दादा लातूरला बांधकामावर गेला. वहिनी आमच्याजवळ राहिली. गावात तलावातला गाळ काढायचं सरकारी काम निघालं, तिथं अण्णा, माय आणि वहिनी जायला लागले. मी पाणी भरायला. शाळा पुढच्या गावाला होती, सातवीचं वर्ष, पण तलावाच्या तळाशी खणलेल्या झिऱ्यावर वाटीनं घागर भरायला अर्धा दिवस जायचा, आणि शाळा आपोआप मागं पडत चालली.

तेव्हाचा माळ मला आजही दिसतो. गवत नाही. बाभळीसुद्धा करड्या पडलेल्या. कडुलिंबाखाली जनावरं उभी राहायची ती सावलीसाठी, चघळायला काही नव्हतं. आणि या सगळ्यात तरवड हिरवा. नुसता हिरवा नव्हे, फुललेला. कामावरच्या बाया त्याचा पाला ओरबाडून चुंबळीखाली डोक्यावर ठेवायच्या आणि मग पाटी उचलायच्या. दुपारी भाकरी सोडताना रांगेनं बसलेल्या बायांच्या केसांतून हिरवी पानं डोकावत असायची. वहिनी त्यात एक फूलही खोचायची. कुणी हसलं तर ती म्हणायची, तंगेडू उन्हाला भीत न्हाई, मी कामून भिऊ.

श्रावणात मायचा पाय मोडला. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन चढण चढताना भुसभुशीत कड ढासळली आणि ती पाटीसकट खड्ड्यात गेली. चौघांनी बाजेवर घालून घरी आणली. उदगीरच्या दवाखान्यात न्यायचं अण्णांनी ठरवलं, पण मायनं मान हलवली ती हलवलीच. शेवटी शेजारच्या गावचे हाड बसवणारे म्हातारे आले. त्यांनी गुडघ्याखाली चाचपून बघितलं आणि तरवडाचा कोवळा पाला आणि कोंबडीचं अंडं मागितलं. पाल्याला पळाली वहिनी. अंड्यासाठीही तीच गेली, कारण आमच्या उंबऱ्याच्या आत तोवर कधी अंडं आलं नव्हतं. पदराआड झाकून तिनं ते आणलं, आणि म्हाताऱ्यांनी पाला वाटून त्यात पांढरं कालवून लेप केला तेव्हा मायनं भिंतीकडं तोंड फिरवलं, दुखण्यापेक्षा त्या अंड्यापायी. वरून बांबूच्या पट्ट्या बांधल्या. माझा भाचा आता हाडांचाच डॉक्टर आहे. तो म्हणतो, हाड जुळलं असेल ते पट्ट्यांनी, आत्या, पाल्यानं नव्हे. असेल. त्याच्या आईसमोर मात्र तो हे म्हणत नाही.

त्या दिवसापासून घर वहिनीनं उचललं. मायला उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं, दर चार-आठ दिवसांनी ताजा पाला वाटून लेप बदलणं, पहाटे दळण, मग कामावर, आल्यावर भाकऱ्या. तिला भाकरी नीट येत नव्हती, भाताच्या मुलखातली ती. थापता थापता कड फाटायची. माय बाजेवरून बघायची आणि एकदा म्हणाली, पीठ जरा उनउनीत पाण्यात मळ. बाकी काही नाही. काही दिवसांत आवाज ऐकून सांगता येईना की आज भाकऱ्या कोण थापतंय. आणि एक दिवस झिऱ्यावर माझ्या हातातून तिनं घागर काढून घेतली. “पिल्ला, शाळा,” ती म्हणाली. मी म्हटलं, पाण्याचं काय. ती म्हणाली, पाणी मी बघते, तू लिहून ये. कामावर जायच्या आधी अंधारातच ती झिऱ्यावर नंबर लावायला लागली, आणि मी पुन्हा दप्तर घेतलं.

पितरांच्या पंधरवड्यात तिचे वडील आले. धोतर गुडघ्याला टेकलेलं, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. फाट्यावर एसटीतून उतरून ते एवढं ओझं घेऊन चालत आले होते. तांदूळ बघून आमच्या घरातला वास बदलला, असं मला वाटलं. ओसरीवर अण्णा आणि ते दखनीत बोलत बसले. आमच्याकडची माती, तिथला कालवा, इथली जनावरं, तिथला चारा. मग त्यांनी हळूच मुद्द्याला हात घातला. सणाला पोरीला घेऊन जातो. आणि येता उन्हाळा सरेस्तोवर, पुढचा पाऊस पडेस्तोवर, राहू दे तिकडंच. जावईबापू लातूरला आहेतच, त्यांनी तिकडूनच यावं. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. एक शब्द वावगा नव्हता त्यात. बापानं आणखी काय म्हणायचं असतं?

मी दाराआड होते. वहिनी गेली तर काय, याचा हिशेब त्या वयात फार सोपा असतो. दळण माझं, पाणी माझं, मायचं सगळं माझं, शाळा संपली. शेजारची भागाकाकू, अण्णांची चुलत भावजय, मायजवळ बसली होती. ती कुजबुजली की गेलेली सून दुष्काळात परत येत नसती, आणि कमळीचं आता यंदा बघूनच टाका. कमळी म्हणजे मी.  मायनं वहिनीला हाक मारली, जवळ बसवलं आणि म्हणाली, “जा पोरी. माझा पाय जुळंल न जुळंल. तू कामून सुकून राहिलीस हितं?” माझ्या आठवणीत माय तिच्याशी एवढं लांब वाक्य त्याआधी बोलली नव्हती, आणि ते खालच्या आवाजात होतं.

वहिनी उठली. तांदळाचं गाठोडं तिनं आत नेऊन सोडलं, त्यातले ओंजळभर सुपात घेतले आणि निवडत निवडत ओसरीवर वडिलांसमोर येऊन बसली.  मग वर बघून तेलुगूत म्हणाली, “नान्ना, ई येडू बतुकम्मा इक्कडे.” पुढं ती आणखी पुष्कळ बोलली, तिच्या वडिलांनी हात जोडल्यासारखं केलं, तिनं नाही म्हटलं, त्यांनी अण्णांकडं बघितलं. पण मला पुढचं काही कळायची गरज नव्हती. इक्कडे. यंदाची बतुकम्मा इकडेच. तेवढा शब्द आमच्यात आणि त्यांच्यात एकच आहे.

ते भात जेवून दुसऱ्या दिवशी गेले. वहिनी त्यांना फाट्यापर्यंत घालवायला गेली, आणि परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि ओच्यात तरवडाचा पाला होता. मायचा लेप बदलायचा दिवस होता तो.

घट बसले. माय बाजेवर, म्हणून माळा मी केल्या. रोज एक. आणि अष्टमीला वहिनीनं तिचा सण मांडला. कामाला त्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून पहाटे उठून आम्ही दोघी माळावर गेलो. तिच्या गावात बतुकम्मेला कितीतरी रंग लागतात. झेंडू, कुरडू, कमळं. आमच्या गावात त्या वर्षी कुरडूसुद्धा उगवला नव्हता. होता तो तरवड. “नुसती तंगेडूची करू,” ती म्हणाली, “तीच मोठी देवी.” आम्ही दोन पाट्या भरून फुलं तोडली आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली. संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं परात घेतली, तळाला पळसाची पानं लावली आणि काठाकाठानं फुलांचे झुबके रचायला लागली. देठ आत, फुलं बाहेर, मध्ये पाला दाबून भरायचा. एक थर, त्यावर जरा लहान थर, त्यावर आणखी लहान. मी फुलं देत होते, ती रचत होती आणि हलक्या आवाजात गात होती. उभी राहिली तेव्हा माझ्या कमरेच्या वर आली ती पिवळी रास, आणि टोकावर हळदीची इवलीशी गौरम्मा. आमचं मातीचं घर, विझत आलेली चूल, करडं अंगण, आणि मधोमध ते. मी पुढं कितीतरी देवळं बघितली, मोठमोठी, पण त्या संध्याकाळी अंगावर काटा आला तसा कुठंच आला नाही.

नैवेद्याला तिनं भाकरी कुस्करून गूळ घालून मलिदा केला. मायनं तो ओळखला. आमच्याकडं दर्ग्याच्या उरसाला करतात तोच.

परात अंगणात ठेवली तशा दोन-चार शेजारणी जमल्या आणि त्यांच्यात भागाकाकू. तिचं म्हणणं असं की घरात घट बसलेला असताना अंगणात दुसरी देवी मांडायची नसते, आणि त्यातही परमुलखातली. पाऊस आधीच नाही, त्यात हे कुठलं नाचणं, सासू बाजेवर आणि सून टाळ्या पिटणार. बायका मागं सरकल्या. वहिनीचे हात थांबले. तिला सगळं कळलं होतं, उत्तर देण्याइतकी मराठी मात्र त्या क्षणी तिच्याजवळ उरली नसावी.

आतून मायनं हाक मारली की माझी बाज बाहेर घ्या. अण्णा आणि मी दोन बाजूंनी धरून बाज ओसरीच्या कडेला आणली. मायनं त्या राशीकडं पाहिलं. खालपासून वरपर्यंत, सावकाश. मग म्हणाली, “भागू, फूल बघ की. माझ्या घटाची माळ त्याचीच, हिची देवी बी त्याचीच. एवढ्या उन्हात दुसरं कुणी फुललंय का गावात?” आणि वहिनीकडं वळून, “म्हण तुझं गाणं.”

वहिनीनं पदर कमरेला खोचला आणि टाळी वाजवली. सुरुवातीला फेरात आम्ही दोघीच, ती आणि मी. एक पाऊल पुढं, वाकून टाळी, एक पाऊल बाजूला. तिच्या गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द यायचा, त्याचा अर्थ झोका. तो शब्द मला येत होता, मी तेवढाच म्हणायचे. तलावावरून उशिरा परतणाऱ्या बाया वाटेवर थांबल्या, डोक्यावरच्या पाट्या उतरवल्या, केसांतल्या पाल्यासकट आत आल्या. टाळीला भाषा लागत नाही. चौथ्या-पाचव्या ओळीला शेवटचा शब्द सगळ्या म्हणायला लागल्या. वहिनी दम घ्यायला थांबली तर आमच्यातल्या एकीनं जात्यावरची ओवी त्याच तालावर उचलली, आणि शेवटी झोक्याचा तो तेलुगू शब्द जोडून दिला. सगळ्या हसल्या. कितीतरी महिन्यांनी गावात बाया मिळून हसत होत्या. भागाकाकू काही वेळ खांबाला टेकून उभी होती. मग तीही फेरात आली, आणि खरं सांगायचं तर तिची गिरकी सगळ्यांत देखणी होती.

दिवस मावळायला आला तशी वहिनीनं परात डोक्यावर घेतली आणि आम्ही सगळ्या तलावाकडं निघालो. बतुकम्मेला पाण्यात सोडायचं असतं. तलावात पाणी नव्हतं. भेगा पडलेला तळ, खणलेले खड्डे, आणि मध्ये तो एक झिरा, गढूळ, वाटीनं उपसायचा. कुणीतरी म्हणालं, त्यातच टेकव जरा, देवीला तेवढं चालंल. वहिनी झिऱ्याच्या काठावर उभी राहिली. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तिच्या गावचं भरलेलं तळं, तरंगत जाणाऱ्या देव्या, काठावर बहिणी. तिनं मान हलवली. “पिण्याचं पाणी हाय,” ती म्हणाली. मग मागं सरली, तळाच्या जरा उंच, कोरड्या जागी परात उतरवली, राशीखालची पानं धरून ती अलगद जमिनीवर सरकवली आणि हात जोडले. “हितंच बसंल. पाणी आलं की ती जाईल.”

गाळ काढणाऱ्यांनी पुढं महिनोन्‌महिने तेवढी जागा सोडून कुदळ चालवली. कुणी सांगितलं नव्हतं. चारी बाजूंनी खणत गेले, मध्ये हातभर उंचीचा ओटा राहिला, आणि त्यावर सुकत चाललेली, आधी मोहरीच्या आणि मग गवताच्या रंगाची झालेली ती रास. मुकादमानं एकदा विचारलं म्हणे, हे काय आहे, तर बाया म्हणाल्या, आमची बाई आहे, बसू द्या.

माघात माय काठी टेकत अंगणात चालायला लागली. त्याच महिन्यात दादा आला. लातूरला एका नव्या कचेरीत त्याला शिपायाची नोकरी लागली होती, शहराच्या टोकाला त्यानं एक खोली बघितली होती, आणि तो बायकोला न्यायला आला होता. वहिनीनं दोन लुगडी बांधली. मग दादाला म्हणाली की कमळी येत असेल तर मी येते. दादा गडबडला. खोली एक, पगार नवा, पोर वाढत्या वयाची. अण्णा मायकडं बघायला लागले. सातवी मी पास होणार होते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आमच्या भागात पोरीची शाळा सातवीलाच संपते हेही. माय काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिला आता मदतीची किती गरज होती, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? “न्या,” ती म्हणाली. “हितं राहिली तर घागरी वाहून म्हातारी हुईल. माझं मी बघते, आता पाय हाय मला.”

वहिनी दादाबरोबर गेली आणि माझी परीक्षा झाल्यावर मला न्यायला एकटी परत आली. एसटीच्या खिडकीतून लातूर दिसलं ते सगळं उकरलेलं, चुन्याच्या रेषा मारलेलं, विटांचे ढीग आणि ओल्या रंगाच्या पाट्या. जिल्हा नवा होता आणि कुठं काय आहे हे जुन्या माणसांनाही सांगता येत नव्हतं. शाळा उघडायच्या दिवशी तिनं माझ्या दोन वेण्या घातल्या, स्वतः धुवट लुगडं नेसली आणि विचारत विचारत मला मुलींच्या शाळेत घेऊन गेली. दादा कामावर होता. मुख्याध्यापक बाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, आवाजाला करड्या. त्यांनी माझे गुण पाहिले, नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाल्या, मुलीचे पालक आले नाहीत का.

“आलेत की,” वहिनी म्हणाली. “मी.”

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. तेव्हा ती पुरती विशीचीही नव्हती. त्यांनी वय विचारलं.

“वय लहान हाय,” वहिनी म्हणाली, तिच्या त्या शब्दांना हेलकावे देणाऱ्या मराठीत. “पण पालक मीच. काही बोलायचं असंल तर मला सांगायचं.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला वर्ग कुठं आहे ते दाखवायला स्वतः उठल्या.